संकटात शेजारी देश खरंच गॅस देतो का? डिस्पॅचिंग डेस्कवरून लांबलचक उत्तर

प्रश्न असा आलाय: "युरोपियन युनियनने कायदा केलाय की एखाद्या देशाचा गॅस बंद पडला तर शेजारच्या देशांनी त्याला द्यायचा. हे खरंच होतं का, की नुसतं कागदावर? आणि सप्लाय सुरक्षित ठेवायला नक्की कुठले सरकारी उपाय कामाला येतात? एम.ए.च्या प्रोजेक्टसाठी हवंय. आणि आपल्याकडे असं का होत नाही?"

उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा. मी सुरुवात केली गुजरातच्या किनाऱ्यावरच्या एका एलएनजी (म्हणजे थंड करून द्रवरूप केलेला, जहाजाने येणारा गॅस) टर्मिनलच्या कंट्रोल रूममध्ये, आणि गेली चौदा-पंधरा वर्षं जर्मनीत एका गॅस कंपनीच्या डिस्पॅचिंग डेस्कवर आहे. म्हणजे उद्या कुठल्या पॉइंटवरून किती गॅस घ्यायचा आणि कुठे सोडायचा याचं नॉमिनेशन, म्हणजे आगाऊ नोंद, टाकणारा माणूस. पॉलिसी लिहिणारे वेगळे, पण ती लागू झाली की रात्री अडीचला फोन मला येतो, त्यामुळे जे काय सांगतोय ते त्या खुर्चीतून दिसलेलं.

आधी प्रश्न जरा वेगळा मांडूया. "शेजारी देईल का" म्हटलं की तो दिलदारपणाचा प्रश्न होतो आणि दिलदारपणावर गॅसचं काहीच चालत नाही. द्यायचं ठरवलं तरी तो पाइप त्या दिशेला वाहतो का, देणाऱ्याने स्वतःच्या देशात कुणाचा नळ बंद करून द्यायचं, आणि पैसे कोण, किती, कधी देणार, खरं घोडं इथे अडतं. आपल्याला हे काही नवीन नाहीये. जायकवाडीत पाणी कमी असलं की नगर-नाशिकच्या धरणांतून सोडायचं, ६५ टक्क्यांचा हिशोब आहे, २००५ चा कायदा आहे, समितीचा अहवाल आहे, तरी कमी पावसाच्या वर्षी ऑक्टोबर आला की कोर्ट, मोर्चे आणि सोडलेल्यातलं किती वाटेत मुरलं यावर भांडण. तेही एकाच राज्यात, एकच सरकार असताना. आता तिथे दोन देश, दोन भाषा आणि दोन निवडणुका ठेवून बघा.

युरोपची झोप उडाली जानेवारी २००९ मध्ये. रशिया आणि युक्रेनचं दर आणि थकबाकीवरून वाजलं, ७ जानेवारीला युक्रेनमार्गे येणारा गॅस पूर्ण बंद झाला तो २० तारखेला परत सुरू झाला, आणि मधले दोन आठवडे कडाक्याची थंडी. बल्गेरियाचा जवळपास सगळा गॅस रशियाचा आणि यायचा रस्ता एकच, त्यामुळे तिथे कारखाने थांबले, शाळा बंद, लोकांच्या घरातली हीटिंग गेली. स्लोव्हाकियाने आणीबाणी जाहीर केली आणि युनियनला दिलेल्या शब्दाप्रमाणे जेमतेम आठवड्यापूर्वी बंद केलेली बोहुनिसची अणुभट्टी परत पेटवायची भाषा सुरू केली, इतकी पाळी आली. आणि गंमत अशी की त्याच वेळी पश्चिमेला, जर्मनीत, चेक प्रजासत्ताकात गॅस होता. फक्त तो पूर्वेला जाऊ शकत नव्हता.

का जाऊ शकत नव्हता हे कॉलेजात कुणी नीट सांगत नाही म्हणून थोडं थांबतो. बाहेरून वाटतं पाइप म्हणजे नळी, इकडून फुंका नाहीतर तिकडून. पण दर शे-दीडशे किलोमीटरवर कॉम्प्रेसर स्टेशन असतं, त्याची एक बाजू ओढणारी, दुसरी ढकलणारी, आणि सगळी जोडणी त्या हिशोबाने केलेली. फिल्टर एका बाजूला, मीटर एका दिशेने मोजणारे, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह तर नावातच सांगतो. स्लोव्हाकियाची अख्खी लाइन पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहायला बांधलेली, उलटं कधी लागेल असं बांधणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हतं. शेवटी चेक आणि स्लोव्हाक इंजिनिअरांनी जोडण्या बदलून उलटा प्रवाह सुरू केला, पण तोपर्यंत संकट संपत आलं होतं. तहान लागल्यावर विहीर खणायची म्हणतात ना, तसं, फक्त इथे पाणी शेजारच्याच वाड्यात होतं.

त्यामुळे माझ्या मते सगळ्यात कामाचा उपाय दिसायला सगळ्यात नीरस आहे: सीमेवरचे पाइप दोन्ही दिशांना वाहतील असे करून ठेवणं. युनियनच्या २०१० च्या नियमात ते आलं, थोडे अपवाद सोडून सगळ्या सीमांवर. कुणी फीत कापायला येत नाही, पेपरात फोटो येत नाही, पण पुढे २०१४ ला युक्रेनला स्लोव्हाकियातून उलटा गॅस मिळायला लागला तो याच विचारातून.

आणि अडचण कधी कधी इतकी बारीक असते की हसू येतं. आपल्या सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो तो मुद्दाम घातलेला असतो हे माहीत असेलच, गळती कळावी म्हणून. फ्रान्समध्ये हा वास मोठ्या मुख्य लाइनमध्येच घालतात, जर्मनीत तो शेवटी, शहराच्या वाटपाच्या लाइनमध्ये. आता फ्रान्सचा वासाचा गॅस जर्मनीच्या मुख्य लाइनमध्ये आला तर पुढे केमिकल कारखाने आहेत, जमिनीखालची स्टोरेज आहेत, त्यांना ते गंधकाचं संयुग नको असतं. म्हणून वर्षानुवर्षं त्या सीमेवर गॅस जर्मनीकडून फ्रान्सकडेच जायचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये, रशियाचा गॅस थांबून जर्मनीच्या नाकातोंडात पाणी गेलं तेव्हा, वासासकट घ्यायचं ठरलं आणि १३ तारखेला पहिल्यांदा थेट फ्रान्समधून गॅस आला. दोन सरकारांची दोस्ती जुनीच होती, अडलं होतं ते वासापाशी.

आता कायद्यातली दुसरी गोष्ट, तिला इकडे एन-मायनस-वन म्हणतात. साधं आहे: तुमच्या देशाचा सगळ्यात मोठा एक रस्ता बंद पडला असं धरा, मग उरलेले पाइप, टर्मिनल, स्टोरेज आणि स्वतःच्या विहिरी मिळून, वीस वर्षांतून एकदा पडते तसल्या थंडीच्या दिवसाची मागणी भागते का? भागली तर पास.

हे चाललेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. १२ डिसेंबर २०१७, माझी सकाळची शिफ्ट होती. पावणेनऊच्या सुमाराला ऑस्ट्रियात बाउमगार्टनला स्फोट झाला. व्हिएन्नाजवळचं हे स्टेशन म्हणजे पूर्वेकडून येणाऱ्या गॅसचा मोठा चौक. एका फिल्टरचं झाकण उडालं, एक माणूस गेला, बरेच जखमी झाले. आमच्या स्क्रीनवर इटलीकडे जाणारा आकडा खाली यायला लागला आणि दर वर, आणि शेजारच्या टेबलवरचा माणूस नुसता "नाइन, नाइन" (जर्मनमध्ये "नाही, नाही") म्हणत राहिला. इटलीने त्याच दिवशी आणीबाणी जाहीर केली. पण घरं थंड पडली नाहीत, कारण इटलीकडे स्टोरेज होतं आणि उत्तर आफ्रिकेकडून येणारे वेगळे पाइप होते, आणि रात्रीपर्यंत ऑस्ट्रियातून गॅस परत वाहायला लागला. एक रस्ता गेला, बाकीच्यांनी सांभाळलं. फॉर्म्युला बरोबर ठरला.

पण याच फॉर्म्युल्याने जर्मनीला गाफीलही ठेवलं. तो पाइपची क्षमता मोजतो, पाइपच्या पलीकडे कोण बसलंय ते मोजत नाही. एक पाइप गेला तर, हे गणितात आहे, एक विकणारा गेला तर, हे नाही. २०२१ ला युनियनच्या आयातीतला साधारण ४५ टक्के गॅस रशियाचा होता, जर्मनीचं प्रमाण त्याहून जास्त, आणि तरी जर्मनी या परीक्षेत आरामात पास. तुमच्या प्रोजेक्टमध्ये हा मुद्दा नक्की घ्या, फार कमी लोक घेतात.

मग येतो तुमचा मुख्य प्रश्न, तो सॉलिडॅरिटीचा, म्हणजे संकटात एकमेकांना सांभाळायचा कायदा. तो २०१७ चा. त्यात ग्राहकांची उतरंड लावलेली आहे. वर घरं, हॉस्पिटल आणि तत्सम अत्यावश्यक सेवा, घरांना गरम पाणी पुरवणाऱ्या सामायिक हीटिंगच्या यंत्रणा. खाली कारखाने. आणि कायदा म्हणतो की शेजाऱ्याची घरं थंड पडायची वेळ आली, त्याने आपले सगळे उपाय करून झाले, तर तुम्ही तुमचे कारखाने बंद करून त्याच्या घरांना गॅस द्यायचा. परत वाचा. माझ्या देशातला कामगार घरी बसेल आणि त्याचा गॅस सीमेपलीकडच्या आजीबाईंच्या हीटरला जाईल. कागदावर एक वाक्य आहे, पण ते ज्याला टीव्हीवर येऊन सांगायचंय त्या मंत्र्याचा विचार करा.

त्यात "कारखाने बंद" हे बोलायला सोपं. मी एकदा एका काचेच्या कारखान्यात गेलो होतो, आणीबाणीच्या यादीसाठी माहिती गोळा करायला. भट्टी वर्षानुवर्षं विझत नाही, आत दीड हजार अंशांच्या आसपास वितळलेली काच. तिथला फोरमन म्हणाला, तुम्ही मला चार तासांची नोटीस देऊन गॅस तोडलात तर ही काच आतच गोठेल, मग भट्टी फोडून काढायची, दुसरं काही नाही. बिस्किटाच्या कारखान्याचं तसं नाही, त्याने आज नाही केलं तर परवा करेल. म्हणजे "उद्योग" हा एक नळ नाहीये, हजार नळ आहेत आणि कुठला आधी पिळायचा ही यादी शांततेच्या काळात, एकेका कारखान्यात जाऊन करावी लागते. कंटाळवाणं काम आहे, आणि ते झालेलं नसेल तर कायद्याच्या पुस्तकाचा उपयोग पेपरवेट म्हणून.

आणि पैसे. गॅस फुकट नाही द्यायचा, रास्त भरपाई घ्यायची असं कायदा म्हणतो. रास्त म्हणजे किती? नुसती गॅसची किंमत? बंद पडलेल्या कारखान्याचं नुकसान? त्या काचेच्या भट्टीचं काय? हे सगळं शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी दोघांत करार करून ठरवायचं होतं, मुदत होती १ डिसेंबर २०१८. २०२२ ला रशिया-युक्रेन युद्ध सुरू झालं तेव्हा किती झाले होते माहितेय? २०२२ च्या उन्हाळ्यापर्यंत, युद्धाच्या घाईत झालेले धरूनसुद्धा, सहा. जर्मनी-डेन्मार्क, जर्मनी-ऑस्ट्रिया, एस्टोनिया-लाटव्हिया, लिथुआनिया-लाटव्हिया, इटली-स्लोव्हेनिया, फिनलंड-एस्टोनिया. बस. बाकी सगळे भरपाईच्या कलमावर पेंड खात बसले होते. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये युनियनने सांगितलं की करार नसेल तर हे आमचे ठरावीक नियम लागू, आणि २०२४ ला ते कायमचे केले. माझ्या मते हे आधीच, २०१७ लाच करायला हवं होतं. ज्याला द्यायचं आहे त्याला करार लांबवण्यातच फायदा असतो, म्हणून "तुम्ही आपसांत ठरवा" म्हणून सोडून दिलं की ते ठरत नाही.

मग २०२२ च्या हिवाळ्यात काय झालं? हे कलम कुणी वापरलंच नाही. तुम्ही विचारलं होतं खरं की कागदावर, तर उत्तर असं विचित्र आहे: कलम कागदावर राहिलं, पण गॅस सीमा ओलांडून प्रचंड वाहिला. २७ एप्रिल २०२२ ला रशियाने पैसे रुबलमध्येच द्या या वादावरून पोलंड आणि बल्गेरियाचा गॅस तोडला, ऑगस्टअखेर रशियातून समुद्राखालून थेट जर्मनीला येणारा नॉर्ड स्ट्रीम थांबला, २६ सप्टेंबरला त्याचे पाइपच स्फोटात फुटले. तरी घरं थंड पडली नाहीत, का? एक तर मागणी कमी झाली. युनियनने १५ टक्के कपात करा म्हटलं होतं, ऑगस्ट ते मार्च प्रत्यक्षात त्याहून जास्तच झाली, थोडी लोकांनी हीटर कमी केले म्हणून, थोडी हिवाळा सौम्य गेला म्हणून, आणि बरीच दर परवडेना म्हणून कारखान्यांनी हात आखडला म्हणून. दुसरं, जर्मनीने विल्हेल्म्सहाफेनला तरंगतं एलएनजी टर्मिनल काही महिन्यांत उभं केलं, डिसेंबरमध्ये चालू. हे जर्मनीत, जिथे घराची भिंत पाडायची परवानगी मिळायला वर्ष जातं! आणि तिसरं, पैसा. २६ ऑगस्टला दर मेगावॉट-तासाला ३४० युरोच्या घरात गेला होता, दोन वर्षांपूर्वी तो वीसच्याही खाली असायचा. त्या दराला जगभरची जहाजं युरोपकडे वळली. त्याच जुलैत पाकिस्तानच्या एलएनजी टेंडरला एकही बोली आली नाही आणि बांगलादेशाने स्पॉट खरेदी (लांब मुदतीच्या कराराशिवाय, त्या वेळच्या दराने) थांबवून लोडशेडिंग लावलं. म्हणजे युरोपात शेजाऱ्यांनी एकमेकांना सांभाळलं हे खरं, पण अंधार कुणाच्या तरी घरी गेलाच.

स्टोरेजबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण उपायांमध्ये दोन्हीकडे वाहणाऱ्या पाइपच्या खालोखाल तेच. २०२१-२२ च्या हिवाळ्यात जर्मनीचं रेडनचं स्टोरेज, पश्चिम युरोपातलं सगळ्यात मोठं, जवळजवळ रिकामं होतं आणि ते होतं गाझप्रोम या रशियाच्या सरकारी गॅस कंपनीच्या उपकंपनीच्या ताब्यात. शेजाऱ्याकडे किल्ली देऊन गावाला जावं आणि शेजाऱ्यानेच डबे रिकामे ठेवावेत, तसं. २०२२ ला नियम आला की हिवाळ्याआधी साठा भरायचाच, पहिल्या वर्षी ८० टक्के, पुढे ९०, नंतर तारखांबाबत जरा सैल केला. ज्यांच्याकडे स्वतःचं स्टोरेज नाही त्यांनी वर्षाच्या वापराच्या १५ टक्क्यांएवढा गॅस शेजारच्या देशाच्या स्टोरेजमध्ये ठेवायचा. हा मला आवडलेला नियम, कारण यात शेजारी आधीच गुंतलेला असतो. फक्त एक लक्षात ठेवा, टाकी भरलेली असणं आणि नळाला धार असणं यात फरक आहे. साठा उतरत जातो तसा जमिनीखालचा दाब उतरतो आणि दिवसाला निघणारा गॅस कमी होत जातो. थंडीची लाट फेब्रुवारीत आली तर ४० टक्के साठा असूनही घाम फुटतो, आम्ही बघितलंय.

आणि स्टोरेज भरायचा खर्च कुणाच्या माथी, यावरून शेजारधर्माची खरी परीक्षा झाली. जर्मनीने २०२२ ला महागात महाग गॅस घेऊन साठे भरले आणि तो खर्च वसूल करायला ऑक्टोबरपासून एक लेव्ही (अधिभार) लावली, मेगावॉट-तासाला ५९ सेंटपासून सुरू झालेली २०२४ च्या जुलैपर्यंत अडीच युरो. ती जर्मनीतून बाहेर जाणाऱ्या गॅसवरही. ऑस्ट्रिया, चेक, स्लोव्हाकिया चिडले, म्हणजे रशियाचा गॅस सोडून आम्ही पश्चिमेकडून घ्यायचा आणि वर तुमचं बिल भरायचं? जर्मनीचं म्हणणं, त्या साठ्याचा फायदा तुम्हालाही झालाच की. दोघांचंही थोडं बरोबर होतं. ऑफिसात ऑस्ट्रियन सहकारी आणि जर्मन सहकारी जेवणाच्या टेबलवर यावरून आठवडाभर धड बोलत नव्हते. शेवटी १ जानेवारी २०२५ पासून सीमेवरची लेव्ही काढली. मला विचाराल तर संकटातल्या सॉलिडॅरिटीपेक्षा संकटानंतरचं बिल वाटून घेणं जास्त अवघड आहे.

इथवरचं थोडक्यात: पाइप दोन्हीकडे वाहणारे हवेत, कुणाचा नळ आधी बंद होणार याची यादी तयार हवी, भरपाईचा हिशोब आधी ठरलेला हवा, साठा भरलेला हवा. पण यातलं कुणाला किती उपयोगी हे देशावर अवलंबून आहे, सरसकट उत्तर नाही. स्पेनकडे एलएनजी टर्मिनल भरपूर, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये किनाऱ्याबाहेर जहाजं रांगेत उभी होती, पण पिरेनीज पर्वतापलीकडे फ्रान्सला जाणारे पाइप लहान, मग शेजाऱ्याला कितीही द्यायचं म्हटलं तरी जाणार कुठून. फिनलंडचं उलट. एस्टोनियाला जोडणारा समुद्राखालचा एकच पाइप, ऑक्टोबर २०२३ मध्ये जहाजाच्या नांगराने तो फाटला आणि एप्रिल २०२४ पर्यंत बंद होता. त्यांना तारलं ते त्यांच्या इंको बंदरातल्या भाड्याच्या तरंगत्या टर्मिनलने. म्हणजे एका ठिकाणी पाइप हवा, दुसऱ्या ठिकाणी पाइपला पर्याय हवा.

आपल्याकडचं विचारलंत म्हणून तेही. भारताची शेजाऱ्याशी जोडलेली गॅसची एकही मोठी लाइन नाही. तुर्कमेनिस्तान-अफगाणिस्तान-पाकिस्तान-भारत लाइनचं भूमिपूजन डिसेंबर २०१५ ला झालं, आपल्यापर्यंत काही आलेलं नाही, आणि इराणची तर त्याहून जुनी गोष्ट. बांगलादेश आणि नेपाळला आपल्या पाइपलाइन जातात, पण त्या डिझेल वगैरेच्या. पाइपच नाही तिथे सॉलिडॅरिटीचा कायदा करून काय करणार? आपला शेजारी म्हणजे समुद्र. त्यामुळे आपल्याकडे सुरक्षा म्हणजे कतार-अमेरिकेशी लांब मुदतीचे करार, टर्मिनल आणि साठा. यातल्या साठ्याच्या बाबतीत आपण फारच कच्चे, जमिनीखालचं गॅस स्टोरेज आपल्याकडे नाहीच, टर्मिनलच्या टाक्यांत असेल तेवढंच. आणि टर्मिनलचं म्हणाल तर दाभोळला समुद्राची भिंत अर्धवट म्हणून कित्येक वर्षं पावसाळ्यात जहाजच लागत नव्हतं. वर्षातले तीन-चार महिने टर्मिनल असून नसल्यासारखं. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही, होड्या कधी वर ओढतात त्याला माहीत असतं.

प्रोजेक्टसाठी एकच देश निवडायचा तर बल्गेरिया घ्या. २००९ ला एक रस्ता, एक विकणारा. त्या धड्यानंतर ग्रीसला जोडणारी लाइन करायचं ठरलं, कोमोटिनी ते स्तारा झागोरा, फक्त १८२ किलोमीटर, म्हणजे पुण्याहून महाबळेश्वरला जाऊन परत यायचं तर लागेल त्याहूनही कमी अंतर. गॅस व्यावसायिकपणे वाहिला १ ऑक्टोबर २०२२ ला. तेरा वर्षं! परवानग्या, पैसे, सरकारं बदलणं, आणि स्वस्त रशियन गॅस मिळतोय तोवर घाई कुणाला. एप्रिल २०२२ ला तोडलं तेव्हा लाइन अजून तयार नव्हती, ग्रीसमार्गे जुन्या रस्त्याने एलएनजी आणून त्यांनी वेळ मारून नेली. आणि मग घाबरून जानेवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानशी टर्मिनल वापरायचा तेरा वर्षांचा करार केला, ज्यात वापरा न वापरा पैसे द्यायचे, पुढे तोच गळ्यात अडकला. उशीर आणि घाई, दोन्हींची किंमत एकाच देशात दिसते. त्यांच्या २००९ आणि २०२२ च्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवा, तुमचं प्रकरण तीन तिथेच तयार होईल.

काही अडलं तर विचारा, फक्त या आठवड्यात माझी रात्रपाळी आहे, उत्तर दुपारनंतर येईल.